तुम्ही विचारलंत म्हणून: नातवंडांना त्या गुहेत का नेलं?

"एवढं अमेरिकेला गेलात आणि नातवंडांना घेऊन अंधाऱ्या गुहेत कशाला शिरलात? भीती नाही वाटली?" सोलापूरला परतल्यापासून जो भेटतो तो हेच विचारतो.

वाटली की. ती गुहा म्हणजे एप केव्ह, वॉशिंग्टन राज्यातल्या माउंट सेंट हेलेन्स या ज्वालामुखीच्या दक्षिणेला, लाव्हा वाहून तयार झालेली नळीसारखी. म्हणून तर माणशी दोन बॅटऱ्या घेतल्या, भर उन्हाळ्यात स्वेटर चढवले. आत बाराही महिने पाच-सहा अंशांच्या आसपास गारठा. लेकीनं आधीच ठरवलं होतं, खालचा भागच बघायचा. तो सव्वा किलोमीटर, बराचसा सपाट. वरच्या भागात दगडांचे ढिगारे आणि आठ फुटी कडा आहे. लहान लेकरांना तिकडं नेऊच नये. शेंगाचटणी-भाकरीचा डबा गाडीत राहिला, आत खायला बंदी. भिंतीवरचा बुळबुळीत थर जिवंत असतो, त्याला हात लावायचा नाही, हे नातीनं मलाच दोनदा बजावलं.

आता नेलं का ते सांगतो. मोहोळजवळ आमच्या वस्तीवर विहीर खोदली तेव्हा मी दहा वर्षांचा. वर काळी माती, खाली मुरूम, मग काळा पाषाण, सुरुंगाशिवाय हलेना. "ह्यो आला कुठनं?" विचारलं, तर वडील म्हणाले, "ओतलाय कुणीतरी." ते खरंच होतं, हे मला फार उशिरा कळलं. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हा आला आणि थरावर थर पसरला. पण ओतताना तो कसा वाहिला असेल, हे विहिरीत उतरून कळत नाही.

एप केव्हमध्ये ते कळतं. ती जेमतेम २००० वर्षांची, दगडाच्या हिशेबात कालची. दुधावर साय धरावी तसं वाहत्या लाव्हावर कवच धरलं. आतला लाव्हा त्या उबेत पातळ राहून पुढं जात राहिला. मागून येणं थांबलं तशी नळी रिकामी झाली. भिंतींवर पातळी उतरल्याच्या रेघा आहेत, ओढ्याचा पूर ओसरल्यावर काठाला राहतात तशाच. एके ठिकाणी डोक्यावर, दोन भिंतींच्या मध्ये, मोठा धोंडा अडकलाय. लाव्हावरून वाहत आला आणि अरुंद जागी रुतला.

"आजोबा, दगड तरंगला?" नातवानं विचारलं. तिथून तो हलेचना.

मग सगळ्यांनी बॅटऱ्या विझवल्या. डोळ्यांपुढं धरलेला हात दिसेना. त्यानं माझं बोट घट्ट धरलं, पण रडला नाही.

दिवाळीत येतो म्हणत होते. मी म्हटलं, मे महिन्यात या. ऊन सोसू, पण तेव्हा विहिरीचं पाणी तळाला गेलेलं असतं, सगळे थर उघडे दिसतात.