जुनी केबिन, नवी चासी: १९५१ च्या शेवरोले ३१०० चा पाचवा महिना

शनिवारी संध्याकाळी केबिन ज्यांच्यावर चासीला, म्हणजे खालच्या लोखंडी सांगाड्याला, टेकते ते चारही पाय पक्के वेल्ड झाले. चेनपुली ढिली सोडली आणि केबिन चासीवर जागच्या जागी बसून राहिली. हा तिसरा प्रयत्न होता. आधीचे दोन का फसले ते सविस्तर लिहिते, कारण असं काम काढणाऱ्या प्रत्येकाला तिथे अडखळायला होणार.

गाडी आहे अर्ध्या टनाची पिकअप. शेवरोलेने १९४७ च्या जूनमध्ये ‘ॲडव्हान्स डिझाइन’ ही मालिका आणली आणि ती १९५५ च्या सुरुवातीपर्यंत चालली, त्यातली ही १९५१ ची. गाडीवर रिव्हेट केलेल्या कारखान्याच्या नंबरपट्टीवरचा पहिला आकडा १ आहे, म्हणजे फ्लिंटच्या कारखान्यातली. ॲन आर्बरजवळच्या आमच्या घरापासून फ्लिंट तासाभराच्या अंतरावर, त्यामुळे तिच्यावर जरा जास्तच जीव. पण मिशिगनमध्ये हिवाळाभर रस्त्यांवर मीठ टाकतात आणि त्या मिठाने मूळ चासी खाल्ली होती. मागच्या ॲक्सलच्या वरच्या भागात लोखंडाचे पापुद्रे हाताने सुटत होते. केबिनचे पत्रे मात्र, खालचे कोपरे आणि पाय ठेवायची जागा सोडली तर, शाबूत.

खाली घातली आहे १९९७ च्या एस-१० ची, म्हणजे शेवरोलेच्याच छोट्या पिकअपची, चासी, इंजिनासकट. ती मुद्दाम टेनेसीहून आणली. इथली स्वस्तात मिळत होती, पण गंजलेल्या चासीऐवजी दुसरी गंजलेली चासी घालण्यात काय अर्थ? मूळचं २१६ घनइंचाचं सहा सिलिंडरचं इंजिन ९२ अश्वशक्तीचं. त्यात कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगना तेल मिळतं ते रॉडच्या टोकाशी असलेल्या पळीमुळे. त्यात मागच्या ॲक्सलचं ४.११ चं गुणोत्तर, म्हणजे हायवेवर इंजिन सतत ओरडत राहणार. मला ही गाडी घेऊन मुलांसोबत उत्तरेला तळ्यांकडे जायचंय, म्हणून ४.३ लिटरचं व्ही-६, पुढचे डिस्क ब्रेक आणि पॉवर स्टिअरिंग हवं होतं. मूळ इंजिन पुसून, तेल भरून, झाकून ठेवलं आहे. ते विकणार नाही.

आता मापं. ३१०० चा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्यांमधलं अंतर, ११६ इंच. लांब हौद्याच्या, साध्या केबिनच्या एस-१० चा ११७.९. फरक १.९ इंच, बाबांच्या भाषेत एक इंच सात सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग). बरेच जण चासी मधोमध कापून आखूड करतात. मला कापायची नव्हती. म्हणून मागच्या पाट्यांचे, म्हणजे लीफ स्प्रिंगचे, हँगर, दोन्ही बाजूंचे, पुढचे आणि मागचे, रिव्हेट काढून तेवढेच पुढे सरकवले. शॉक ॲब्सॉर्बरची वरची टोकंही सोबत हलवावी लागली. इंजिनाची ताकद मागच्या ॲक्सलला नेणारा प्रॉपेलर शाफ्ट शाफ्टवाल्याकडून तेवढाच आखूड करून बॅलन्स करून घेतला. चासीला कुठेही आडवा काप नाही.

बाबांचा उल्लेख आला, तर सांगते. ते दापोडीच्या एसटी वर्कशॉपमधून निवृत्त झाले. तिथे नुसती चासी येते आणि बस होऊन बाहेर पडते. यंदा ते सहा महिन्यांसाठी इकडे आले आहेत. ते येण्याआधी मी केबिन एकदा बसवली होती.

पहिली चूक तेव्हाची. हौदा उतरवलेला, पेट्रोलची टाकी काढलेली, त्यामुळे मागच्या पाट्यांवर वजनच नव्हतं आणि चासीची मागची बाजू उचललेली. मी केबिनच्या फरशीवर पाणसळ ठेवली, बुडबुडा मधोमध आणला आणि पाय वेल्ड केले. पुढे हौदा आणि टाकी चढल्यावर मागची बाजू दीड इंच खाली बसली आणि केबिन मागे कलली. चारही पाय कापले.

दुसऱ्या वेळी वजन घालून बसवली. केबिन सरळ दिसत होती, पण उजवं चाक फेंडरच्या (चाकावरच्या पत्र्याच्या) कमानीत मध्यावर आलं तर डावं तीन सूत मागे. केबिन चासीवर तिरकी होती. बाबा तोवर आले होते. त्यांनी माझी पाणसळ बाजूला ठेवली आणि म्हणाले, “अगं, जमिनीला काय विचारतेस? चासीला विचार.”

मग आम्ही सगळं त्यांच्या पद्धतीने केलं. हौद्याच्या जागी वाळूची पोती रचली. चारही चाकांच्या मध्यातून ओळंबा सोडून गॅरेजच्या फरशीवर खडूने खुणा केल्या. कर्ण मोजले, दोन्ही सारखे आले, म्हणजे ॲक्सल समांतर आहेत याची खात्री झाली. मग खुणांमधून मध्यरेषा ओढली आणि केबिनच्या चारही भोकांतून ओळंबे सोडून तिला त्या रेषेशी जुळवलं. उंचीची मापं चासीच्या मधल्या सरळ पट्ट्यापासून घेतली, जमिनीपासून नाही. या सगळ्यात पूर्ण रविवार गेला. वेल्डिंगला पाऊण तास.

पाय दोन सूत जाडीच्या पट्टीचे आहेत, वर रबरी बुश. केबिन उचलण्याआधी दोन्ही दारांच्या चौकटींत आडवे पाईप टाचले होते, नाहीतर खालचे पत्रे कापल्यावर चौकट फाकते आणि दार पुन्हा कधी नीट लागत नाही. आणि वेल्डिंग करताना बॅटरीची निगेटिव्ह वायर आणि इंजिनच्या कॉम्प्युटरचे प्लग काढून ठेवायला विसरू नका.

रुंदीचा प्रश्न अजून आहे. टू-व्हील-ड्राइव्ह एस-१० चा ट्रॅक, म्हणजे डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर, अरुंद, त्यामुळे चाकं फेंडरच्या आत दडल्यासारखी दिसतात. मागे फोर-व्हील-ड्राइव्हचा रुंद ॲक्सल बसवेन, पुढे वेगळ्या ऑफसेटची, म्हणजे जास्त बाहेर येणारी, चाकं. चाकामागे घालायच्या जाड चकत्या, म्हणजे स्पेसर, मला नकोत. मूळ चाकांना सहा बोल्ट, इथे पाच, म्हणजे जुने रिम तसेही लागणार नाहीत.

१९४९ पासून या गाड्यांची टाकी सीटच्या मागे, केबिनच्या आत असे. ती काढली. एस-१० ची टाकी चासीला बाहेरून आहे आणि फ्युएल इंजेक्शनला लागणारा पंप तिच्यातच आहे. ६ व्होल्टची सगळी वायरिंगही गेली.

कागदपत्रांबद्दल एवढंच: प्रत्येक राज्याचे नियम वेगळे आहेत, काम सुरू करण्याआधी विचारा. नंबरपट्टीला मी हात लावलेला नाही, रिव्हेट मूळचेच आहेत.

बाबांचं परतीचं तिकीट २२ तारखेचं आहे. त्याआधी रेडिएटरची चौकट आणि बॉनेट बसवून दार आणि फेंडरमधली फट दोन्हीकडे दीड सुतावर आणायची आहे. सध्या डावीकडे दोन आहे.