माळ्यावर लोकर घाला, पण वळचण बुजवू नका

इंग्लंडमधल्या शंभर-सव्वाशे वर्षं जुन्या टेरेस घरांच्या, म्हणजे एकमेकांना चिकटून रांगेत बांधलेल्या घरांच्या, भिंती बहुधा नऊ इंची भरीव विटांच्या असतात, मध्ये पोकळी नाही. घरातली ऊब टिकवायला त्या भिंतींना अस्तर लावणं खर्चिक, आणि चुकलं तर ओल धरणारं काम. म्हणून माझं सांगणं एकच: सुरुवात माळ्यापासून करा.

लोकर म्हणजे इथे मेंढीची नव्हे, उष्णता अडवणारी काचेच्या किंवा दगडाच्या तंतूंची. ती अंथरण्याआधी छतातून पाइप आणि वायरी वर येतात त्या फटी बुजवा. न्हाणीघरातली दमट हवा तिथूनच वर जाते. मग तुळयांच्या मध्ये १०० मिमी लोकर आणि तिच्यावर आडवा १७० मिमीचा थर, मिळून २७० मिमी. आडवा थर टाळू नका. उघड्या राहिलेल्या लाकडातूनही उष्णता जाते. रोल घेण्यापूर्वी तुळयांमधलं अंतर मोजा, सगळीकडे सारखं नसतं. पाय फक्त तुळईवर ठेवा. मास्क, हातमोजे आणि लांब बाह्या हव्यातच.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो वळचणीपाशी. लोकर पार कोपऱ्यापर्यंत कोंबली की बाहेरची हवा आत यायची थांबते. थंडीत सकाळी टॉर्च मारून पाहा: छपरातून आत आलेल्या खिळ्यांच्या टोकांवर थेंब लटकलेले दिसतात, लोकरीवर त्यांचे ठिपके, आणि वाशांवर काळी बुरशी. लोक कौल गळतंय म्हणून कारागीर बोलावतात. खरं तर ते घरातल्याच दमट हवेचं, गारठून झालेलं पाणी असतं! कौलांखालच्या अस्तराच्या खाली हवेला किमान ५० मिमी वाट मोकळी ठेवा. त्यासाठी वाशांमध्ये बसणारे प्लॅस्टिकचे ट्रे मिळतात.

सामान ठेवायला फळ्या हव्या असतील तर उंच पायांवर बसवा, दाबलेली लोकर निम्मीही कामाची उरत नाही. इलेक्ट्रिक शॉवरची केबल लोकरीखाली गाडू नका, तापते. छतात बसवलेल्या दिव्यांवर अग्निरोधक टोप्या घाला.

आणि माळा आता आधीपेक्षा गार पडणार, हे विसरू नका. तिथल्या पाइपांना फोमची नळी चढवा. तिथे पाण्याची टाकी असेल तर तिला बाजूंनी आणि वरून गुंडाळा. ती तुळयांवरच टेकलेली असेल तर तिच्याखाली मात्र लोकर घालू नका. खालच्या खोलीतून येणारी ऊबच तिला गोठू देत नाही.

माळ्याच्या झाकणाला पाठीमागून फोमचा जाड तुकडा चिकटवा, कडेला रबरी पट्टी लावा. अर्ध्या तासाचं काम आहे.