२८ मिलिमीटर, ४५ डिग्री

१८७९ च्या झुलू युद्धात इंग्रजांचे शिपाई आपली पांढरी हेल्मेटं चहाच्या पाण्याने मळकी करून घेत. पांढरं डोकं लांबून टिपायला फार सोपं. आज टेबलावर फाशांनी खेळायच्या लढाईसाठी त्याच शिपायाचा २८ मिलिमीटरचा पुतळा रंगवताना हेल्मेटवर पातळ तपकिरी रंगाचा हात फिरवावा लागतो, आणि नेमका त्याच वेळी ब्रश पाण्याच्या वाटीऐवजी शेजारच्या चहाच्या कपात बुडतो. या छंदातला हा अपघात इतका ठरलेला, की त्याला इतिहासाला धरून म्हणायला हरकत नाही.

२८ मिलिमीटर हे माप तळव्यापासून डोळ्यांपर्यंतचं. डोक्यावर कोणाचा फेटा, कोणाचं हेल्मेट, म्हणून माथा मोजत नाहीत. डोकं ज्वारीच्या टपोऱ्या दाण्याएवढं, आणि कॉलर म्हणजे त्या दाण्याखाली गुंडाळलेला दोरा. पण शिपायाची सगळी ओळख त्या दोऱ्यात. नुसता लाल डगला कोणाचाच नसतो. कॉलर आणि बाहीची पट्टी हिरवी झाली, की तो झुलूंनी इसांडलवानाच्या लढाईत कापून काढलेल्या २४ व्या पलटणीचा होतो. १८८१ नंतर हिशेब सोपा झाला: इंग्लंड-वेल्स पांढरा, स्कॉटलंड पिवळा, आयर्लंड हिरवा, आणि ‘रॉयल’ पदवीच्या पलटणी निळ्या. हा निळा रात्री पिवळ्या बल्बखाली काळ्यासारखाच दिसतो. म्हणून पट्ट्या दिवसाउजेडी, उत्तरेकडच्या खिडकीशी रंगवाव्यात. लोडशेडिंगचं वेळापत्रकही त्यालाच अनुकूल असतं.

या छंदाच्या बहुतेक सूचना थंड मुलुखात लिहिल्या गेल्या. ‘पहिला हात नीट वाळू द्या’ हे वाक्य यवतमाळकडच्या मे महिन्यात कोणी वाचून दाखवलं तर हसू येईल. इथे रंग ओला कसा ठेवायचा, ही खरी चिंता. स्प्रे प्रायमर, म्हणजे रंगाखालचं अस्तर, भर दुपारी मारला तर फवाऱ्यातला थेंब शिपायापर्यंत पोचायच्या आत हवेतच वाळतो आणि अंगावर रंगाची नुसती भुकटी बसते. नाक-डोळे सँडपेपरसारखे खरखरीत. धातूचा पुतळा असेल तर थिनरमध्ये धुऊन पुन्हा सुरुवात करता येते; प्लॅस्टिकचा असेल तर थिनरात तोच विरघळतो. तेव्हा प्रायमर पहाटेच मारावा, छपरीच्या आडोशाला, २० सेंटिमीटरवरून, दोन पातळ हात, थांबून थांबून.

पावसाळ्याची तऱ्हा उलटी. दमट हवेत मॅट वार्निश पांढुरकं पडतं, अख्खी पलटण धुक्यातून आल्यासारखी. त्यावर ग्लॉस वार्निशचा एक हात दिला तर बरेचदा धुकं निवळतं. पण आधीच श्रावणात स्प्रेच्या डब्याला हात न लावणं बरं. ब्रशने वार्निश लावावं, घाई करू नये.

ॲक्रिलिक रंगासाठी डब्याच्या झाकणात ओला स्पंज, त्यावर बटर पेपर, आणि त्यावर रंगाचे थेंब. माठातलं पाणी घातलं की रंग तासभर तरी टिकतो. औषधाच्या दुकानातलं ग्लिसरीन थेंबभर मिसळलं तर रंग आणखी सावकाश वाळतो, मात्र जास्त झालं तर दुसऱ्या दिवशीही बोटाला चिकटतो. कूलरसमोर बसायचा मोह होतोच; तो झोत ब्रशचं टोक मिनिटात कडक करतो. अगदी बारीक ०० नंबरच्या ब्रशपेक्षा चांगल्या टोकाचा १ नंबर घ्यावा. त्याच्या पोटात पाणी जास्त मावतं, त्यामुळे रंग खाली उतरेपर्यंत वाळत नाही.

लाल रंग हट्टी. काळ्या प्रायमरवर तो चढतच नाही, चार हात देऊनही मातकट राहतो. आधी तांबूस तपकिरी, मग लाल. उजळ कडांसाठी त्यात पांढरा घातला की डगला गुलाबी होतो, आणि गुलाबी पलटणीला कोणी घाबरत नाही. नारिंगी घालावा. छातीवरचे पांढरे पट्टे सुरुवातीला फिक्या राखाडीने काढावेत. शुद्ध पांढरा फक्त कडेला, केसाएवढा.

दुकानात मिळतात ते बहुतेक झुलू नाहीतर सुदानचे शिपाई. आपल्या उंबऱ्यावरच्या लढायांचे पुतळे शोधावे लागतात. २९ नोव्हेंबर १८०३ ला इंग्रज सेनापती आर्थर वेलस्ली मराठ्यांशी आडगावला लढला, डिसेंबरात त्याने गाविलगड घेतला, आणि १८१७ च्या नोव्हेंबरात सीताबर्डीच्या दोन टेकड्यांवर नागपूरकर भोसल्यांची फौज इंग्रजांच्या तैनाती पलटणींवर चालून गेली. त्या इंग्रजी फौजेत मोठा भरणा मद्रासच्या देशी शिपायांचा. लाल डगला तोच, कातडी वेगळी. इथे रंगवणारे हमखास चुकतात: सगळ्यांना एकच चॉकलेटी हात. रोजगार हमीच्या एका रांगेकडे पाहिलं तरी सावळ्याच्या पाच-सहा छटा दिसतील. भाजका तपकिरी, पिवळी माती आणि किंचित लाल यांचं प्रमाण दर तिसऱ्या शिपायाला बदलावं.

पायाखालची जमीन तरी फुकट, असं वाटतं. काळी माती मात्र फसवते. ती पाण्याने फुगते, वाळली की आकसते. फेविकॉलमध्ये कालवून तळाला लावली तर आठ दिवसांत वैशाखातल्या वावरासारख्या भेगा, आणि शिपाई भेगेसह निखळतो. मुरूम चाळून, तव्यावर भाजून घ्यावा, म्हणजे किडे-अंडी मरतात. फेविकॉल पसरून त्यावर तो भुरभुरावा. काळी जमीन हवीच तर मुरमाला काळपट तपकिरी रंग द्यावा. तळाला लोखंडी वायसर लावलं की पुतळा बसकट होतो आणि चुंबक लावलेल्या डब्यात हलत नाही. एमडीएफच्या, म्हणजे दाबलेल्या लाकडी भुशाच्या, चकत्या स्वस्त असतात, पण उधईला त्याहून स्वस्त पडतात.

कापसाची वेचणी संपून उलंगवाडी झाल्यावर धुऱ्यावरची पऱ्हाटी जाळण्याआधी तिच्यातले बारीक फाटे निवडून ठेवावेत. या मापाला त्यांच्याइतकी सरस निष्पर्ण झाडं कोणी बनवत नाही. तुराटीचे तुकडे कुंपणाला. टेकड्या थर्माकोलच्या, त्यांवर स्प्रे मारला तर टेकडी डोळ्यांदेखत खड्डा होते, तिथे ब्रशच.

तोफ डागली गेली हे दाखवायला तोंडाशी कापसाचा पुंजका ठेवतात, कारण त्या काळच्या दारूचा धूर दाट, पांढरा. बोंडातला कापूस सरकी काढून तसाच घेतला तर पातळ केलेला फेविकॉल त्यावरून अळूच्या पानावरच्या पाण्यासारखा घरंगळतो; धाग्याला नैसर्गिक मेण असतं. धुण्याच्या सोड्यात अर्धा तास उकळून, धुऊन, सावलीत वाळवला की तो पाणी पितो. मग ओढून विरळ करावा, पुढे रुंद आणि मागे निमुळता. तोफेच्या तोंडाशी किंचित राखाडी रंग टेकवला, की पुढच्या फाशापर्यंत ती तोफ रिकामी आहे हे समोरच्याला वेगळं सांगावं लागत नाही.