बेडई नावाची बोट

ग्वाल्हेरच्या लष्कर भागात, दौलतगंजात, आमचे अक्षरे लिहिण्याचे दुकान आहे. वडिलांच्या काळी तेथे ब्रश आणि एनॅमलने पाट्या रंगत असत. आता बहुतेक काम व्हिनाइलचे, म्हणजे चिकटवायच्या प्लास्टिक पट्टीचे, प्लॉटर या संगणकी यंत्रावर कापलेल्या अक्षरांचे असते. दुकानांच्या पाट्या, शाळांच्या बस, रुग्णवाहिका, दरवाज्यावरची आडनावे हे आमचे नित्याचे काम. समुद्रापासून इतक्या दूरच्या गावात बोटीचे नाव कापण्याचे काम येईल, असे मला कधी वाटले नव्हते. गेल्या हिवाळ्यात ते आले.

काम आणणारे काका बँकेतून निवृत्त झालेले, आमच्या वडिलांचे जुने ग्राहक. त्यांची मुलगी मुंबईत नोकरी करते. तिने दोन मैत्रिणींबरोबर साडेसहा मीटर लांबीची, रुंद पोटाची एक जुनी शिडाची बोट सुट्टीच्या दिवशी फिरण्यासाठी विकत घेतली होती आणि तिचे नाव 'बेडई' ठेवायचे ठरवले होते. रविवारी सकाळी वडिलांबरोबर रांगेत उभे राहून खाल्लेली गरम, टम्म फुगलेली बेडई, म्हणजे डाळीचे सारण घातलेली पुरी, तिच्या डोक्यातून गेली नव्हती, आणि ती बोट मागून तशीच दिसते, असे तिचे म्हणणे होते. "घराची पाटी तुझ्या वडिलांनी रंगवली, तेव्हा बोटीची तू कर," असे म्हणून काकांनी मापांचा कागद माझ्यासमोर ठेवला.

मुंबईत अक्षरे कापणारे काही कमी नाहीत, हे मी बोलून दाखवले नाही.

कामात खरी गोम शिरोरेषेची होती. दुकानाच्या सपाट पाटीवर शिरोरेषा उपकारक असते, कारण तिच्यामुळे सगळे नाव एकाच तुकड्यात उचलता येते आणि अक्षरे वाकडी बसत नाहीत. बोटीची मागची बाजू मात्र सपाट भासली तरी मधोमध किंचित फुगीर असते. तिच्यावर लांब सलग पट्टी चिकटवली की टोकांना चुण्या पडतात, चुणीत पाणी शिरते आणि तेथूनच व्हिनाइल सुटू लागते. म्हणून मी प्रत्येक अक्षराची शिरोरेषा वेगळी कापली आणि खाली रोमन लिपीतले नाव ठेवले. पूर्वीच्या मालकाचे नाव काढताना हेअर ड्रायरची ऊब द्यावी, अशी सूचनाही लिहून दिली. तरीही जुन्या अक्षरांखालचा रंग उन्हापासून वाचलेला असल्याने ती छायेसारखी दिसत राहतात. नवे नाव त्यांच्यावर बरोबर बसावे, एवढ्यासाठी मी मुलीकडून तीनदा फोटो मागवले.

बोटीचे नाव बदलणे अशुभ असते, असा खलाशांमधला समज मी कोठेतरी वाचला होता आणि तो काकांना सांगितला. काका खुर्चीत सरसावून बसले. 1890 साली इंग्लंडमध्ये पाण्यात उतरलेले 'एम्प्रेस ऑफ इंडिया' हे जहाज पहिल्या महायुद्धाच्या वेळी आपल्याच माधवराव शिंदे महाराजांनी विकत घेतले, त्याचे इस्पितळ-जहाज केले आणि नाव बदलून 'लॉयल्टी' ठेवले. पुढे तेच जहाज सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीकडे गेले आणि 5 एप्रिल 1919 रोजी मुंबईहून लंडनला निघाले, आणि त्या प्रवासाची आठवण म्हणून आज 5 एप्रिलला राष्ट्रीय सागरी दिन पाळतात, हे सारे त्यांनी एका दमात सांगितले. "नाव बदलले म्हणून बुडाले का ते? उलट त्याचा सण झाला!" त्यानंतर चारच वर्षांनी ते जहाज मोडीत निघाले, हे मी नंतर वाचले, पण काकांच्या कानावर घातले नाही.

शनिवारी सकाळी अक्षरे गुंडाळून नळीत भरली. काका पैसे मोजत होते, तेवढ्यात मुलीचा फोन आला. ती बोटीवरचा रेडिओ वापरायला शिकत होती. संकटात सापडलेल्या बोटीने सोळा नंबरच्या चॅनेलवर 'मेडे' हा शब्द तीनदा उच्चारायचा आणि लगेच स्वतःचे नाव तीनदा सांगायचे, असा नियम आहे. तिने सरावासाठी "मेडे, मेडे, मेडे, बेडई, बेडई, बेडई" असे म्हटले आणि वर्ग हसू लागला. शिकवणारे मात्र हसले नाहीत. 'म' आणि 'ब' दोन्ही ओठ मिटूनच उच्चारायचे. वाऱ्यात आणि खरखरीत त्यांतला फरक कोणाच्या कानाला कळणार? शिवाय संकट नसतानाही तिने नुसते बोटीचे नाव पुकारले, तरी ऐकणाऱ्याचा समज मदतीच्या हाकेचा होऊ शकेल. तयार झालेले काम मी मुकाट्याने बाजूला ठेवले.

त्यानंतरचे दोन तास माझ्या दुकानात असे काही घडले, जे वीस वर्षांत घडले नव्हते. गोंगाटातही चुकीचे ऐकू येणार नाही असे नाव शोधण्यासाठी काका फोन घेऊन महाराज बाडा या चौकात, भर वाहतुकीत जाऊन उभे राहिले आणि तेथून एकेक नाव ओरडू लागले. आमचा मदतनीस, ज्याला यातले काहीच ठाऊक नव्हते, ऐकू येईल ते कागदावर उतरवत गेला. शिंद्यांच्या राणी बैजाबाईंच्या नावावरून सुचलेले 'बैजा' त्याने 'बैठ जा' असे लिहिले. तिघरा धरणाला पाणी देणारी 'सांक' नदी कागदावर 'सांप' झाली. 'तिघरा' त्याला बरोबर ऐकू आले, पण 1917 साली फुटलेल्या धरणाचे नाव बोटीला कोण देईल? 'गजक', म्हणजे तीळगुळाची कुरकुरीत मिठाई, तर त्याने पहिल्याच हाकेला अचूक टिपले, परंतु तो गजकसाठी प्रसिद्ध असलेल्या मुरैनाचा आहे, तेव्हा ती परीक्षा ग्राह्य नव्हती. शिवाय गजक बोटांत धरताच मोडते, असा आक्षेप काकांनीच घेतला.

परत येताना काकांना 'टप्पा' सुचले. ग्वाल्हेर गायकीतला टप्पा हा गानप्रकार त्यांनी तरुणपणी कृष्णराव शंकर पंडितांच्या मैफलीत ऐकला होता. मराठी माणसाला त्या शब्दात प्रवासाचा टप्पाही ऐकू येतो आणि चेंडूचाही, आणि लाटांवर उडत जाणाऱ्या बोटीला तेही शोभते. ते पुन्हा रस्त्यापलीकडे गेले. 'ट' आणि 'प्प' ट्रकच्या भोंग्यातूनही शाबूत पोहोचले. मदतनिसाने तिन्ही वेळा 'टप्पा' लिहिले. मलाही ते सोयीचे होते, कारण दोनच अक्षरांत चुण्यांचा प्रश्न उरत नव्हता. एकट्या 'ट'चा पोकळ गोलवा काय तो जपून कापायचा होता.

संध्याकाळी मुलीला फोन लावला. तिला नाव आवडले. रेडिओवर नावाची अक्षरे सुटी सांगावी लागतात, तेव्हा आता हे कसे सांगशील, असे काकांनी विचारले. घरी ती त्यांना बाबा म्हणते. तिने शिकवल्याप्रमाणे एकेक अक्षर सावकाश म्हटले: "टँगो, अल्फा, पापा, पापा, अल्फा."

फोन स्पीकरवर होता आणि आवाज स्वच्छ येत होता. तरीही नीट ऐकू आले नाही असे सांगून काकांनी ते तिला पुन्हा म्हणायला लावले.