डीसीएक्स काहीच सांगत नाही

मंगळवार, रात्री उशिरा

८०८५ मायक्रोप्रोसेसरच्या किटवर आठ एलईडी अर्ध्या सेकंदाला एकदा उलटायचे (लागलेले विझवायचे, विझलेले लावायचे), एवढंच काम होतं. ते झालं नाही, याचं वाईट वाटतंच. पण खरं टोचतंय ते वेगळंच. तोच प्रोग्राम, तेच बाइट, एकेक पत्ता तपासून घेतलेले, आणि तरी वागणूक दोन प्रकारची. एकदा चार दिवे लागून तसेच थिजले. दुसऱ्यांदा आठही दिवे मंद, अर्धवट उजेडाचे, जणू सगळे एकदमच चालू. चूक असेल तर ती दर वेळी सारखी दिसावी, इतकी माफक अपेक्षा होती माझी.

प्रोग्राम साधा. ८२५५ च्या (बाहेरच्या वस्तू जोडायच्या पोर्टांची चिप) कंट्रोल रजिस्टरला ८० हेक्स, म्हणजे तिन्ही पोर्ट आउटपुट, मोड शून्य. ए रजिस्टरमध्ये एमव्हीआयने ५५ हेक्स, म्हणजे एकाआड एक बिट चालू. मग फेरा: आउट (ए पोर्टवर पाठवायचं), कॉल डिले (थांबण्याचा उपप्रोग्राम), सीएमए (एचे सगळे बिट उलटवायचे), आणि जम्प परत आउटवर. डिलेमध्ये एलएक्सआय बी, एफए०० (बी-सी या रजिस्टर जोडीत मोजणीचा आकडा), डीसीएक्स बी (जोडीतून एक वजा), जेएनझेड (शून्य झालं नसेल तर उडी) मागे डीसीएक्सवर, शेवटी रेट (परत).

संशय आधी तारांवरच गेला. नेहमी तिकडेच जातो. रिबन केबल उलटी, एएलई (पत्ता पकडायचा इशारा) लॅचपर्यंत पोहोचत नाही, यूएलएन२८०३ च्या (एलईडींचा करंट पेलणारी चिप) ९ नंबरच्या पिनचा ग्राउंड सुटलाय, असं एकेक. (८२५५ च्या पोर्टवर एलईडी थेट लावू नयेत. ३३० ओहममधून साधारण ९ मिलिअँपिअर मागितले जातात आणि पोर्टची लो पातळीची हमी १.७ मिलिअँपिअरची. मधे यूएलएन हवाच.) पण जरा शांतपणे बघितलं असतं तर थिजलेल्या चार दिव्यांनीच उत्तर दिलं होतं. ते एकाआड एक लागले होते, म्हणजे पोर्टवर ५५ हेक्स नीट उमटलं होतं. कंट्रोल वर्ड बरोबर, पोर्टचा पत्ता बरोबर, शेजारच्या दोन डेटा लाइन एकमेकींना चिकटलेल्या नाहीत. हार्डवेअर निर्दोष. दीड तास मी निर्दोष माणसाची झडती घेत होते.

 

डीसीएक्स बी ही सूचना बीसी जोडीतून एक वजा करते आणि माहितीपत्रकातल्या कुठल्याच फ्लॅगला (मागच्या निकालाची खूण ठेवणारा एक बिट) हात लावत नाही. झीरो फ्लॅगलाही नाही. बीसी शून्यावर आली तरी जेएनझेडला त्याचा पत्ता नसतो. तो फक्त झीरो फ्लॅग बघतो, आणि तो फ्लॅग केव्हाचा, कुणी ठेवलेला, याची विचारपूस करत नाही. आता माझा अख्खा प्रोग्राम पुन्हा वाचा: एमव्हीआय, आउट, कॉल, एलएक्सआय, डीसीएक्स, जेएनझेड, रेट, सीएमए, जम्प. झीरो फ्लॅग बदलणारी एकही सूचना त्यात नाही! म्हणजे गो (प्रोग्राम चालवायची कळ) दाबण्याआधी झीरो फ्लॅगमध्ये जे होतं, तेच शेवटपर्यंत. फ्लॅग शून्य असेल तर जेएनझेड कायम मागे उडी मारणार, डिले कधीच संपणार नाही, दिवे ५५ वर थिजणार. फ्लॅग एक असेल तर पहिल्याच फेरीत बाहेर. तेव्हा पूर्ण फेरा ७५ टी-स्टेटचा (क्लॉकच्या ठोक्यांचा) होतो, ६.१४४ मेगाहर्ट्झच्या क्रिस्टलवर जेमतेम २४.४ मायक्रोसेकंद. डोळ्याला आठही दिवे मंद लागलेले दिसतात.

खात्री करून घेतली. किटवर रजिस्टर बघायच्या कळीने एफमध्ये, म्हणजे फ्लॅगच्या रजिस्टरमध्ये, ४० हेक्स भरलं, कारण झीरो फ्लॅग (शून्यापासून मोजता) सहाव्या बिटात असतो. गो. आठ मंद दिवे. मग एफमध्ये ०० भरलं. गो. चार थिजलेले. पुन्हा ४०, पुन्हा मंद. हवं तेव्हा हवी ती चूक घडवता आली. तसं झाल्यावर तरी मन निवायला हवं होतं ना? नाही निवलं.

कारण राग चुकीचा नाहीच. राग त्या गप्प बसण्याचा आहे. बीसी शून्यावर आली, ते डीसीएक्सच्याच हातून झालं, आणि तिने सांगितलं नाही. डीसीआर सांगते. एकाच रजिस्टरातून एक वजा करून शून्य उरलं तर झीरो फ्लॅग लगेच उठतो. ८०८६ प्रोसेसरवर डीईसी सीएक्स सोळा बिटांचं असूनही सांगतं, आणि लूप सूचना तर स्वतःच सीएक्स तपासते. माझ्या बोटांना तीच सवय. इथे मात्र जोडी रिकामी झाली तरी चिडीचूप. सरांनी वहीत ‘डीसीएक्स फ्लॅग बदलत नाही’ या ओळीखाली रेघ मारली होती, आणि मी... जाऊ दे.

(८०८५ मध्ये पाचव्या बिटात एक फ्लॅग आहे, माहितीपत्रकात न छापलेला. डीसीएक्स ०००० वरून एफएफएफएफवर गेली की तो उठतो. म्हणजे सांगते, पण एक पाऊल उशिरा आणि कानात. त्यावर प्रोग्राम उभा करू नये. जे छापलेलं नाही ते दुसऱ्या बनावटीच्या चिपमध्ये तसंच असेल याची हमी नाही.)

उपाय सगळ्यांना पाठ असतो: डीसीएक्स बी, मूव्ह ए सी (सी एमध्ये), ओरा बी (एचा बीशी ऑर), जेएनझेड. बी आणि सीमधला एकही बिट उरला नसेल तरच ओराचं उत्तर शून्य, आणि ओरा झीरो फ्लॅगला स्पष्ट सांगते. लावला उपाय. गो. आता आठही दिवे लख्ख लागले आणि तसेच राहिले.

इथे डोळे भरून आले, खरंच. आता काय!

मग दिसलं. विचारायचं तर किंमत म्हणून ए रजिस्टर द्यावं लागतं. डिले संपते तेव्हा एमध्ये नेहमी शून्यच असतं, ओराने ठेवलेलं. माझं ५५ गेलं. सीएमए त्या शून्याचं एफएफ करते, दर फेरीला तेच. उत्तर मिळवताना नमुना गमावला. म्हणून नमुना डीमध्ये ठेवला: मूव्ह ए डी, सीएमए, मूव्ह डी ए, आउट, कॉल, जम्प. पुश पीएसडब्ल्यू आणि पॉपनेही (ए आणि फ्लॅग स्टॅकवर ठेवून परत घेणं) भागलं असतं, पण डी मोकळंच होतं.

आणि मग, एमध्ये शून्य कसं आलं याचा विचार करता करता, अनेक बाइटांच्या बेरजेचा प्रोग्राम डोळ्यासमोर आला. एडीसी एम (हातच्यासकट बेरीज), मग एचएल (पत्ता ठेवणारी जोडी) पुढे सरकवायला आयएनएक्स एच, मग मोजणीला डीसीआर सी, मग जेएनझेड. आधीच्या बाइटातला हातचा कॅरी फ्लॅगमध्ये थांबलेला असतो, पुढच्या एडीसीची वाट बघत. आयएनएक्सने तोंड उघडलं असतं तर तो हातचा पुसला गेला असता. डीसीआरसुद्धा झीरो सांगते, पण कॅरीला शिवत नाही. सोळा बिटांची ही वाढ-घट मुळात पत्ते पुढेमागे सरकवायच्या यंत्रणेतून होते, एएलयूमधून जातच नाही. पत्ता हलवणाऱ्याने दुसऱ्याचा हातचा सांडू नये म्हणूनच ती गप्प. मी तिला मोजणीच्या कामाला लावलं होतं, आणि बोलत नाही म्हणून रुसले होते.

रुसवा पूर्ण गेला असं नाही म्हणणार. पण तो आता बसायला जागा शोधतोय, मिळत नाहीये.

एक गोष्ट लिहून ठेवते, नाहीतर उद्या परत तेच: एलएक्सआय बीचे बाइट ०१ (सूचनेचा कोड), ००, एफए. आकड्याचा आधी खालचा बाइट. ०१, एफए, ०० लिहिलं तर मोजणी २५० चीच होते आणि डिले दोन मिलिसेकंदांच्या आत संपते. परत आठ मंद दिवे, आणि परत मी फ्लॅगच्या मागे.

हिशोबही जमला. फेरी २४ टी-स्टेटची, क्लॉक क्रिस्टलच्या निम्मा, ३.०७२ मेगाहर्ट्झ, म्हणजे ७.८१२५ मायक्रोसेकंद. एफए०० म्हणजे ६४,००० फेऱ्या. बरोबर अर्धा सेकंद. एलएक्सआय, कॉल, रेट आणि बाकीच्यांचे वरचे ६७ टी-स्टेट, शेवटच्या जेएनझेडचे तीन वजा करून. म्हणजे २१.८ मायक्रोसेकंद जास्त. आत्ता समोर दिवे उलटतायत, चार, चार, चार, चार. किट बंद करायचं मनात नाही.