आजीला कळेल असा सिनेमा

स्टुटगार्टमध्ये मुलांचा कुठलाही ॲनिमेशनपट लागला की तो जर्मनमध्येच लागतो. मग तो अमेरिकेतून आलेला असो की जपानमधून. इंग्रजीतला शो मुद्दाम शोधावा लागतो. लेकीला घेऊन सकाळच्या शोला जाते तेव्हा आमच्या रांगेत बालवाडीतली पोरं असतात, शेजारी त्यांचे आजी-आजोबा असतात, आणि विनोद झाला की दोन्ही पिढ्या एकदमच हसतात. १९८२ मध्ये सुरू झालेला ॲनिमेशनचा आंतरराष्ट्रीय महोत्सव वसंतात इथे भरतो. त्या दिवसांत शहराच्या मध्यातल्या श्लॉसप्लाट्झ या चौकातल्या हिरवळीवर मोठा पडदा लावून फुकट सिनेमे दाखवतात. माणसं घरच्या चादरी आणि खाऊचे डबे घेऊन येतात. मला या शहरातलं सगळ्यात जास्त काय आवडतं असं कुणी विचारलं, तर मी हेच सांगते.

नाताळच्या सुट्टीत कोथरूडला माहेरी आले होते. आई, भाचा, लेक आणि मी असे चौघे मल्टिप्लेक्समध्ये असाच एक सिनेमा बघायला गेलो. शो इंग्रजीत होता. हिंदीतला रात्री उशिरा, मुलांच्या झोपेच्या वेळी. भाचा इंग्रजी शाळेतला, तो मजेत होता. लेकीला मराठी आणि जर्मन येतं, इंग्रजी अजून नाही. आईचं सगळं आयुष्य मराठीत गेलं. त्यामुळे दोघी एकमेकींना विचारत होत्या, “आता काय म्हणाला गं तो?” मी मध्ये बसून दोन्ही कानांत भाषांतर सांगत होते. मध्यंतरानंतर आईने विचारणं सोडलं आणि नुसती चित्रं बघत बसली. ‘कौटुंबिक’ म्हणून जाहिरात केलेल्या सिनेमात घरातलं सगळ्यात मोठं माणूस आणि सगळ्यात धाकटं मूल, दोघंही बाहेर राहिली. मला त्याचं फार वाईट वाटलं आणि अजूनही वाटतं.

असे सिनेमे मराठीत डब करायचं पैशाचं गणित जमत नाही, असं कुणी म्हटलं तर ते मला पटत नाही. २०१९ चा ‘लायन किंग’ भारतात इंग्रजीशिवाय हिंदी, तमिळ आणि तेलुगूत आला. मराठी त्या यादीत नव्हती. २०११ च्या जनगणनेत मराठी ही मातृभाषा सांगणारे ८ कोटी ३० लाख लोक आहेत. न्यूझीलंडमध्ये माओरी बोलणारे त्यापुढे मूठभर, तरी २०१७ मध्ये डिस्नेचा ‘मोआना’ हा ॲनिमेशनपट त्यांच्या भाषेत थिएटरात लागला. आइसलँडची सगळी लोकसंख्या आपल्या एखाद्या मध्यम शहराएवढी. तिथल्या मुलांनाही डिस्नेचे सिनेमे आइसलँडिकमध्ये मिळतात.

आवाजांची वाण आहे म्हणावं, तर निदान पुण्याने तसं म्हणू नये. १९८० च्या दशकात डॉ. मोहन आगाशे यांनी बर्लिनची ग्रिप्स नाट्यचळवळ पुण्यात आणली. त्या नाटकांत मोठी माणसं लहान मुलांच्या भूमिका करतात, आणि ती मुलं खरीखुरी वाटतात. बोबडे बोल नाहीत की लाडीगोडी नाही, भांडणारी आणि प्रश्न विचारणारी मुलं. ॲनिमेशनच्या डबिंगला लागतं ते नेमकं हेच. आणि ज्या ‘प्रभात’ने १९३४ साली ‘जंबू काका’ हा कार्टूनपट काढला, तिचा स्टुडिओ आपल्याच लॉ कॉलेज रस्त्यावर होता.

आता टीव्हीवरच्या गाण्यांच्या स्पर्धा बघा. तिथे सगळं चित्र उलटं होतं. जर्मनीत ‘द व्हॉइस किड्स’ २०१३ पासून चालू आहे. कार्यक्रम नेटका, परीक्षक मुलांशी प्रेमाने बोलतात. सहा वर्षांवरच्या मुलाला अशा गाण्याच्या कार्यक्रमात दिवसाला तीनच तास आणि रात्री दहापर्यंतच काम करता येतं, असा इथे कायदा आहे. तो मला मनापासून आवडतो. पण गाणी? बहुतेक इंग्रजी. इथली मुलं सिनेमा स्वतःच्या भाषेत बघतात आणि स्टेजवर चढली की परकी भाषा गातात.

आपल्याकडे २००८-०९ चं ‘लिटिल चॅम्प्स’ आठवा. आळंदीची कार्तिकी गायकवाड, पुण्याची आर्या आंबेकर, अलिबागची मुग्धा वैशंपायन, रत्नागिरीकडचा प्रथमेश लघाटे, लातूरचा रोहित राऊत. अभंग, गवळण, नाट्यगीत, लावणी, भावगीत असं सगळं एका मंचावर, तेही मराठीत. आमच्या सोसायटीत त्या वेळी जिन्यातून वर जाताना प्रत्येक दारातून एकच सूर ऐकू यायचा. आई स्वयंपाक लवकर उरकायची. आजोबा तबलजीला दाद द्यायचे, मी आणि दादा कोण जिंकणार यावर भांडायचो. आता लेक यूट्यूबवर तेच भाग आजीबरोबर बघते, आणि तिथे भाषांतराला माझी गरज पडत नाही.

एसएमएसच्या मतांनी मुलांना बाहेर काढणं मात्र मला तेव्हाही पटत नव्हतं. दहा-बारा वर्षांच्या मुलाला कॅमेऱ्यासमोर उभं करून ‘तू थांबतोस’ सांगायचं आणि मग त्याच्या रडण्याचा क्लोजअप दाखवायचा, हे बंद व्हायला हवं. मुलांच्या पर्वात स्पर्धा नकोच. मैफल करा, सगळ्यांना शेवटपर्यंत गाऊ द्या. जिंकली एकटी कार्तिकी, पण महाराष्ट्राने पाचही जणांना आपलं मानलंच की.

मराठी डबिंगला कुणी हात घालणार असेल तर सुरुवात ‘कोको’ या ॲनिमेशनपटापासून करावी, असं माझं मत आहे. गाण्याला बंदी असलेल्या घरातला मुलगा चौकातल्या गाण्याच्या स्पर्धेसाठी धडपडतो, आणि गोष्ट येऊन थांबते ती त्याच्या विसराळू पणजीपाशी. गेलेल्या माणसांसाठी वर्षातून एकदा पान मांडणाऱ्या आपल्या घरांना यातलं काही समजावून सांगावं लागणार नाही. तो सिनेमा मी आईला फोनवरून प्रसंगाप्रसंगाने सांगितला. पणजीचा आवाज कीर्तन करणाऱ्या बाईचा हवा, असं तिचं म्हणणं आहे. मला तिथे रंगभूमीवरची मुरलेली नटी हवी. यावर आमचं अजून एकमत झालेलं नाही.