दुकान माझ्या नावावर होईपर्यंतचे चौदा महिने

बाबा गेले, बाराव्याचं आटोपलं आणि मी दुकान उघडलं. काकणांचं दुकान, गोव्यातल्या आमच्या पालिकेच्या मार्केटात, आतल्या रांगेत. मार्केटात बाहेर जमिनीवर बसून भाजी-फुलं विकणाऱ्या बायका रोजचा सोपो, म्हणजे बसायची फी, देतात, आम्ही आतले दुकानवाले महिन्याचं भाडं भरतो, आणि ती भाड्याची पावती चाळीसेक वर्षं बाबांच्या नावावर यायची. ती माझ्या नावावर करायची एवढंच काम होतं, मला वाटलेलं मृत्यूचा दाखला आणि एक अॅफिडेव्हिट दिलं की झालं.

क्लार्क म्हणाला, बाय, याला मंडळाचा ठराव लागतो. दुकान तुमचं नाही ना, पालिकेचं, मग ते कोणाकडे ठेवायचं हे नगरसेवकांच्या बैठकीत ठरणार. आणि त्याआधी सक्सेशन डीड, म्हणजे वारस कोण त्याचा दस्त, करून आणा.

आता हे गोव्याबाहेरच्यांना कळणार नाही म्हणून सांगते, आपल्याकडे पोर्तुगीज काळापासूनचा कायदा आहे, लग्न झालं की नवराबायकोचं निम्मं निम्मं. म्हणजे आई निम्म्याची मालकीण, उरलेल्या निम्म्यात आम्ही दोघं भावंडं, आणि भावाने हक्क सोडायचा तर वहिनीचीही सही हवी. भाऊ बोटीवर नोकरीला. तो चवथीला घरी आला तेव्हा कुठे सब-रजिस्ट्रारकडे सगळे एकत्र गेलो. इथेच पाच महिने गेले, पण त्यात पालिकेचा दोष नाही, आमचाच.

मग फाईल इनवर्डला, म्हणजे आवक नोंदीला, टाकली आणि आमच्या वॉर्डच्या नगरसेवकाला भेटले. माणूस चांगला, म्हणाला नगराध्यक्षांना सांगतो, ते करून टाकतील. मी पण तेच धरून बसले की नगराध्यक्ष म्हणजे सगळ्यात वरचा, त्याने मनावर घेतलं की झालं. दर आठवड्याला जायचं आणि "फाल्यां यो", उद्या ये, ऐकून परत यायचं.

खरं काय ते मला तिथल्याच एका रिटायर व्हायला आलेल्या शिपायाने समजावलं, चहा पिता पिता. नगराध्यक्ष बैठक चालवतो, कुठला विषय अजेंड्यावर घ्यायचा त्यात त्याचा शब्द चालतो, पण एकट्याच्या सहीने तो दुकान कोणाला देऊ शकत नाही. मंजुरी मंडळाची. आणि मंजूर झालेलं कागदावर उतरवणारा मुख्याधिकारी, तो तर सरकारने पाठवलेला, त्याची बदली झाली की नवा येऊन फाईल पुन्हा पहिल्या पानापासून वाचणार. गोव्यात पणजीला तेवढी महानगरपालिका, तिचा कायदा वेगळा. बाकी आम्हा तेरा पालिकांना १९६८ चा कायदा, आणि लोक नगराध्यक्षाला थेट मत देत नाहीत, निवडून आलेले नगरसेवकच आपल्यातला एक निवडतात. म्हणजे निम्म्याहून एक जास्त डोकं फिरलं की खुर्ची गेली.

आणि गेलीच. माझा विषय अजेंड्यावर सतरा नंबरला आला होता, मी स्वतः डोळ्यांनी बघितला, आणि बैठकीच्या चार दिवस आधी अविश्वास ठराव आला. बैठक रद्द. मग खास बैठक, मग नव्याची निवड, दोन्ही गटांचे नगरसेवक फोन उचलेनात. मार्केटात त्या दिवसांत दुसरा विषयच नव्हता, कोण कुठल्या हॉटेलात आहे वगैरे. पूर्वी म्हणे गुप्त मतदान असायचं, २०२२ मध्ये मडगावात मतं फुटली त्यानंतर सरकारने हात वर करून मतदान आणलं, त्यामुळे आता कोण फुटला ते सगळ्यांना समोरच दिसतं. बघायला मजा असेल, माझी मात्र फाईल अडकलेली.

नवे नगराध्यक्ष आले, नवा अजेंडा निघाला, त्यात माझा विषयच नाही! क्लार्क म्हणतो जुना अजेंडा संपला, परत अर्ज द्या. तेव्हा मी पहिल्यांदा आवाज चढवला. परत अर्ज दिला नाही, दहा रुपये भरून आरटीआय, म्हणजे माहिती अधिकाराचा अर्ज, टाकला, एवढंच विचारलं की अमुक इनवर्ड नंबरची फाईल आज कोणाच्या टेबलावर आहे आणि कधीपासून. तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. मला उत्तर यायच्या आधीच फोन आला, तुमचा विषय पुढच्या बैठकीत घेतलाय.

त्या बैठकीला मी मागच्या बाकावर जाऊन बसले. दीड तास कचऱ्याच्या गाडीवर भांडण, गाडी कोणाच्या वॉर्डात आधी जाते यावर. एक नगरसेविका उभी राहून म्हणाली माझ्या दारात ती अकराला येते तोवर कुत्र्यांनी पिशव्या फाडलेल्या असतात, आणि खरं सांगते पूर्ण दीड तासात कामाचं वाक्य तेवढंच होतं. मग पथदीप. मग माझा विषय. एकाने विचारलं भाडं जुनंच ठेवायचं का, दुसरा म्हणाला वाढवा, मुख्याधिकारी म्हणाले वाढवूनच प्रस्ताव आहे, नगराध्यक्ष म्हणाले मंजूर?, तिघाचौघांनी मान न उचलता मंजूर म्हटलं. दोन मिनिटं पण नाहीत. चौदा महिन्यांचं काम, आणि मी पिशवीत सगळ्या कागदांच्या झेरॉक्स घेऊन बसलेले कोणीतरी विचारेल म्हणून.

भाडं तिप्पट झालं. जुनं इतकं कमी होतं की तक्रार करायला तोंड नाही, बाबा असते तर भांडले असते ते वेगळं.

ज्यांचं असं काम असेल त्यांनी "कधी होणार" विचारू नका, त्याला उद्या हेच उत्तर आहे. बैठक कुठल्या तारखेला आणि विषय नंबर किती, हे विचारा. आणि एकाच गटाच्या नगरसेवकाच्या भरवशावर राहू नका, मी दोन्हीकडच्यांना काकणं विकते, आधीच दोघांनाही सांगायला हवं होतं.

आता मार्केटचं छप्पर गळतंय, गेल्या पावसात हिरव्या काकणांचे दोन खोके भिजले, आतला पुठ्ठा लगदा झाला. अर्ज दिलाय. पुढच्या बैठकीत नऊ नंबरला आहे.